बक्षीसपत्राला दोन साक्षीदार

दुय्यम निबंधक कार्यालयात सकाळी लवकर नंबर लावला नाही तर दुपारून सर्व्हर बसतो, हे आमच्या तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून त्या दिवशी एका पक्षकाराचं गहाणखत घेऊन मी दहालाच जाऊन बसलो. माझ्या आधीचा नंबर एका म्हाताऱ्याचा होता. वय ऐंशीच्या पुढं, धोतर, डोक्याला पटका, दोन्ही दंडांना दोघांनी धरलेलं. नाव विचारलं, बरोबर सांगितलं. बापाचंही सांगितलं. मग ऑपरेटरनं सहज विचारलं, "बाबा, कशाला आलात?" म्हातारा म्हणाला, "बाजाराला. गोऱ्हा बघायचाय." खोलीतले सगळे हसले. धाकटा लेक म्हणाला, "आण्णाला ऐकू कमी येतंय," आणि त्यानं आण्णांचा अंगठा धरून यंत्रावर टेकवला. फोटो निघाला. सव्वातीन एकर कोरडवाहू एका लेकाच्या नावावर बक्षीस झालं. साक्षीदार दोन होते. त्यातला एक समोरच्या टपरीवरून चहा अर्धा सोडून आला होता.

दस्त करून देणारा माणूस निबंधकाला वेडसर वाटला, तर नोंदणी नाकारावी असं १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम ३५ सांगतं. हे कलम मला पाठ आहे. मी बोललो नाही. माझं गहाणखत पुढच्या नंबरवर होतं आणि सर्व्हर चालू होता.

हे आधी सांगून टाकलं, कारण यापुढं मी जे म्हणणार आहे त्यात मीही आरोपीच्या पिंजऱ्यात आहे.

चार वर्षांनी थोरल्या लेकानं दस्त रद्द करायचा दावा लावला. दाव्याचं काय व्हायचं ते होवो, पण बघा, त्या सव्वातीन एकरांसाठी केवढा पुरावा हजर होता. दस्ताची नक्कल, फोटो, अंगठ्याचा ठसा, साक्षीदारांची नावं, फेरफाराची नोटीस, तलाठ्याची नोंद. आता आण्णांचं बघू. दस्त झाल्यावर महिन्याभरात त्यांना गावातल्या घरातून शेतातल्या आखाड्यावर नेलं. दिवसा सगळे कामाला जात, म्हणून खोलीला बाहेरून कडी. डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, ते राहून गेलं. भेटायला आलेल्या लेकीला दोनदा रस्त्यावरूनच परत पाठवलं. हे सगळे निर्णयच होते. आण्णांनी कुठं राहायचं, कोणाला भेटायचं, त्यांना दिसायचं की नाही. यातला एकही निर्णय कुठल्या कागदावर नाही, एकालाही साक्षीदार नाही, आणि एकाबद्दलही दावा लावायला कोणाला सुचलं नाही. थोरल्यालाही नाही.

बक्षीसपत्राला दोन साक्षीदार लागतात, हा मालमत्ता हस्तांतरण कायद्यातला १८८२ पासूनचा नियम. जमिनीच्या बाबतीत आपण इतके जागरूक. पण ज्याचं डोकं साथ देत नाही अशा सज्ञान माणसाच्या अंगाबद्दल, औषधाबद्दल, मुक्कामाबद्दल ठरवताना ठरवणाऱ्याला विचारणारं कोणी नाही. "यांच्यासाठी निर्णय कोण घेणार?" एवढ्याच प्रश्नावर आपले कायदे आणि आपली न्यायालयं घोटाळत राहतात. माझं म्हणणं असं की मराठवाड्यातल्या घरात या प्रश्नाचं उत्तर कधीच ठरून गेलेलं असतं. निर्णय घेणारा त्याच्या निर्णयाबद्दल कोणाला जबाब देतो, हा खरा अडलेला प्रश्न आहे.

आमच्याकडं म्हाताऱ्या आईबापांच्या पाळ्या असतात. तीन लेकांकडं चार-चार महिने. एक गावात, एक छत्रपती संभाजीनगरला वाळूजच्या कंपनीत, एक पुण्यात. बुद्धी शाबूत असलेल्या आईला ही पाळी जड जाते, पण ती निभावते. विस्मरण सुरू झालेल्या आईला दर चार महिन्यांनी नवं घर, नवा संडास, नवा दरवाजा म्हणजे काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायची गरज नाही. पाळी ठरते ती लेकांच्या बैठकीत, आणि ती ठरते खर्चाच्या हिशोबानं. आई कुठं शांत असते हा मुद्दा तिथं निघत नाही. जिच्या हातचं ती बिनतक्रार खाते ती सून त्या बैठकीत चहा द्यायला येते. लेकीला तर बोलावणंच नसतं. करणारे हात एकीकडं आणि ठरवणारं तोंड दुसरीकडं, अशी ही रीत. कायदाही अनेकदा तीच उचलतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात रुग्णानं स्वतः कोणाला नेमलं नसेल, तर प्रतिनिधी म्हणून आधी नातेवाईक येतो आणि प्रत्यक्ष सांभाळणारा त्याच्यानंतर.

माझ्या आत्याचं सांगतो. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन ती परत आली, आमच्या वडिलांकडं राहिली, मग माझ्याकडं. शेवटची काही वर्षं ती मला माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारायची आणि सकाळी सकाळी विचारायची, "गाडी जुपली का रे?" आमच्या घरातली गाडी-बैलं जाऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती. एका पहाटे ती न्हाणीत पडली, खुबा मोडला. मोठ्या गावच्या दवाखान्यात नेलं. तिथं एक फॉर्म पुढं आला, खाली 'रुग्णाशी नाते' असा रकाना. मी 'भाचा' लिहून सही केली. तीस वर्षांची वकिली असलेल्या माणसानं ही सही कुठल्या अधिकारात केली? कुठल्याच नाही. भाच्याला आत्याच्या वतीनं खुब्याच्या शस्त्रक्रियेला संमती देता येते असं सांगणारा कायदा या देशात नाही. डॉक्टरांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पुण्याहून चुलतभावाचा फोन आला, "या वयात कशाला चिरफाड?" त्यालाही अधिकार नव्हता, म्हणजे आम्ही दोघं बरोबरीत.

तेवढ्यात ड्रेसिंग करणारी एक सिस्टर आत्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "आज्जी, पाय नीट करायचाय का? टोचतील, दुखंल." आत्या म्हणाली, "करा की माय. मला परसाकडं जाता यावं." आजचा वार तिला सांगता आला नसता, पण आपल्याला काय हवं हे तिनं एका वाक्यात सांगितलं. त्या फॉर्मवर या वाक्याला रकाना नव्हता. पुढं ती वॉकर घेऊन दीडेक वर्ष चालली. म्हणून माझी सही कायदेशीर ठरत नाही, हेही खरं.

कोणाला वाटेल, एवढे कायदे आहेत, काहीतरी असेलच. तर जे आहे ते बघू. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता या चार अवस्थांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडं अर्ज केला की सज्ञान मुलाचं पालकत्व मिळतं. आण्णा त्यात बसत नाहीत, आत्या बसत नाही, मेंदूत रक्तस्राव होऊन बेशुद्ध पडलेला ट्रॅक्टरवाला बसत नाही. मनोविकाराच्या उपचारापुरता २०१७ चा कायदा आहे. चांगला कायदा आहे तो. साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी आधीच नेमता येतो, कसे उपचार नकोत हेही लिहून ठेवता येतं. पण तो मानसिक उपचारांपुरता. खुबा त्यात येत नाही. अगदी शेवटच्या टप्प्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. त्यानुसार कृत्रिम उपचार थांबवण्याचं इच्छापत्र करता येतं, आणि २०२३ पासून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतं. म्हणजे वेड लागलं तर कायदा आहे, मरायला टेकलं तर कायदा आहे. या दोन्हींच्या मधली जी आठ-दहा वर्षं माणूस नुसता जगत असतो, जेवतो, पडतो, हरवतो, त्यांना छप्पर नाही.

ही मधली वर्षं किती जणांच्या वाट्याला येतात? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. बायकांत जास्त, खेड्यात जास्त. आमच्याकडं याला आजार कोणी म्हणत नाही. "म्हातारचळ लागलाय," "साठी बुद्धी नाठी," एवढ्यावर विषय संपतो. आजारच नाही म्हटल्यावर कायदा कशाला?

मजा अशी की १९८७ च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्यात निदान एक वाट होती. जिल्हा न्यायालय चौकशी करून अशा माणसाचा पालक आणि मालमत्तेचा व्यवस्थापक नेमू शकत होतं. कायद्याच्या त्या प्रकरणात दोष होते. माणसाला एकदा बुद्धिभ्रष्ट ठरवलं की त्याचं सगळंच काढून घ्यायची ती जुनी वृत्ती होती. २०१७ च्या कायद्यानं ते प्रकरण काढलं, ते योग्यच केलं. पण त्याच्या जागी काही ठेवलं नाही. घर पडायला आलंय म्हणून पाडावं आणि राहणाऱ्यांना म्हणावं, बांधकामाचं नंतर बघू, तसं झालं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाचं कलम १४ आहे. एका ठराविक निर्णयापुरतं, ठराविक काळापुरतं, आणि त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून. कल्पना सुरेख. पण गेल्या आठ वर्षांत आमच्या बार रूममध्ये त्या कलमाखाली अर्ज लिहिताना मी कोणाला पाहिलं नाही, आणि स्वतःही लिहिला नाही.

लोक मग काय करतात? कुलमुखत्यारपत्र करतात. माझ्याकडं महिन्याला एखादा तरी लेक येतो, "वकीलसाहेब, बापाचं विसरणं वाढायलंय, आत्ताच मुखत्यारपत्र करून घेऊ, पुढं अडचण नको." मी त्याला १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१ सांगतो. मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी गेली की मुखत्यारपत्र तिथंच संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी छत्री घेतली त्याच दिवशी ती उघडत नाही. लेक म्हणतो, "पण बँकेला कोण सांगायलंय?" बरोबर आहे. कोणी सांगत नाही. आमच्या भागात अशी संपलेली मुखत्यारपत्रं धडधाकट माणसासारखी फिरत असतात, आणि चांगली लेकरं त्यांच्यावर बापाची औषधं आणतात, वाईट लेकरं बापाचं पीक कर्ज उचलतात. कागद दोघांचा सारखाच खोटा.

दुसरी वाट उच्च न्यायालयाची. कोमातल्या माणसासाठी कुठलाच कायदा नाही हे मान्य करून केरळ उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये मार्गदर्शक सूत्रं घालून दिली. मुंबई उच्च न्यायालयानंही २०२० मध्ये एका पत्नीला कोमातल्या पतीची पालक नेमलं आणि ती पालकत्व कसं निभावते यावर विधी सेवा प्राधिकरणाची देखरेख ठेवली. यातला दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. पालक नेमणं सोपं, त्याच्या मागं डोळे ठेवणं अवघड, आणि ते न्यायालयाला सुचलं. पण रिट याचिका म्हणजे आमच्यासाठी संभाजीनगरचं खंडपीठ. किनवटहून निघा, देगलूरहून निघा, नाही तर उमरग्याहून. रात्रीची एसटी, वरच्या कोर्टाचा वकील, त्याची फी, तारखा. हे खंडपीठ १९८१ मध्ये आलं ते कशाच्या जोरावर? मुंबई लांब पडते, गरिबाला न्याय दारात हवा, या युक्तिवादावर. आमच्या आधीच्या पिढीतल्या वकिलांनी त्यासाठी रस्त्यावर भांडण केलं. तोच युक्तिवाद पूर्ण न्यायला हवा. बेशुद्ध नवऱ्याच्या खात्यातून त्याच्याच औषधाला पैसे काढायला बाईला चारशे किलोमीटर जावं लागत असेल, तर तिच्यासाठी संभाजीनगर हीच मुंबई.

आता दुसरी बाजू. हा सगळा मामला दुष्ट नातेवाइकांचा आहे असं वाटत असेल तर एक प्रसंग सांगतो. तालुका विधी सेवा समितीचं शिबिर होतं, एका तांड्यावर. माझा विषय 'मानसिक रुग्णांचे हक्क'. भाषणात मी सांगितलं की २०१७ च्या कायद्यानं साखळीनं बांधायला सक्त मनाई आहे, आणि असं कोणी घरात हाल सोसत असेल तर पोलिसांना कळवता येतं, पोलिसांनी मॅजिस्ट्रेटला कळवायचंच असतं. टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी एक बाई मला तिच्या घरामागं घेऊन गेली. तिथं गोठ्याच्या मेढीला तिची तिशीतली लेक बांधलेली. पायात सुती दोरी, खाली चिंध्या गुंडाळलेल्या, म्हणजे काचू नये म्हणून. बाळंतपणानंतर डोकं फिरलं, नवऱ्यानं आणून सोडलं. सैलानीच्या दर्ग्यावर दोन अमावास्या केल्या, येरवड्याच्या मनोरुग्णालयात नेलं, गोळ्या सुरू झाल्या, बरं वाटलं, गोळ्या संपल्या. मी म्हणालो, "मावशी, हिला असं बांधता येत नाही." ती म्हणाली, "सायेब, तुमी सोडा म्हणायलात, सोडते की. मंगळवारी टोळीची गाडी भरायलीय. तिच्यापाशी तुमी बसता का?"

दसरा-दिवाळीपासून पुढं चार-पाच महिने हे कुटुंब उसाच्या फडावर असतं. उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. मागं राहतात म्हातारे आणि ही. दोन वर्षांपूर्वी ती सुटी होती तेव्हा तीन दिवस बेपत्ता होती, आणि परत आली तेव्हा तिच्यावर काय झालं होतं ते आईनं मला शब्दांत सांगितलं नाही. त्या दोरीत तिची अब्रू आणि जीव दोन्ही बांधलेले होते, आईच्या दृष्टीनं. तमिळनाडूत एरवाडीला २००१ साली आग लागली तेव्हा साखळदंडात अडकलेले २८ जण जळून गेले, ही गोष्ट मी त्या बाईला सांगणार होतो. सांगितली नाही. तिला पर्याय काय देणार होतो? राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्यात कित्येक दशकं एकही नाही. जालन्याला मंजुरी मिळाली तीही अलीकडं. सुरक्षेचा कायदा आणि सांभाळण्याची सोय हे एका गाडीचे दोन बैल आहेत. एकच जुपला तर गाडी गोल फिरते. मी त्या दिवशी एकच बैल घेऊन तांड्यावर गेलो होतो.

तरीही, आणि इथं मला त्या माऊलीशी वाद घालावाच लागेल, दोरीला साक्षीदार हवा. तिची लेक बांधलेली आहे हे सबंध तांड्याला माहीत होतं, आशाताईला माहीत होतं, आणि कुठल्याही वहीत नव्हतं. वहीत असतं तर निदान महिन्याला कोणीतरी येऊन विचारलं असतं, गोळ्या आहेत का, दोरी अजून लागते का, पायाला जखम आहे का. २०१७ च्या याच कायद्यात दवाखान्यातल्या माणसाला हे संरक्षण आहे. स्वतःहून दाखल न झालेल्या स्त्रीला दवाखान्यात ठेवलं तर ३ दिवसांत, पुरुषाला ठेवलं तर ७ दिवसांत पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं, आणि त्या मंडळात न्यायाधीश असतो, डॉक्टर असतो, स्वतः आजार भोगलेला माणूसही असू शकतो. गोठ्यात बांधलेलीला यातलं काही नाही, कारण गोठा ही आरोग्य संस्था नव्हे.

माणसाला एकदा 'कळत नाही' असं ठरवलं की त्याच्या अंगावर काय काय होऊ शकतं याचा महाराष्ट्राला अनुभव आहे. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. पाळीच्या वेळची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण. पाळी ज्यांना सांभाळावी लागत होती त्यांची सोय झाली, एवढाच त्याचा अर्थ. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चंडीगडच्या एका प्रकरणात सांगितलं की सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या सज्ञान स्त्रीचा गर्भ तिच्या संमतीशिवाय पाडता येणार नाही. तिला मूल हवं होतं आणि तिनं तसं सांगितलं होतं. त्याआधी २००८ मध्ये त्याच न्यायालयानं एका ४४ वर्षांच्या शहाण्यासुरत्या बाईच्या प्रकरणात निर्णय दिला होता. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं, ही संमती संमतीच नव्हे. आणि आमच्या बीडमध्ये? २०१९ मध्ये ऊसतोड बायकांची पाहणी झाली तेव्हा तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्या सगळ्या धडधाकट, निर्णय घेण्याजोग्या बायका होत्या. ज्यांना बोलता येतं त्यांच्या संमतीची ही गत, तर गोठ्यातलीचं कोण विचारतो?

कळणं ही गोष्ट दिव्यासारखी नसते, लागला किंवा गेला. ती मराठवाड्यातल्या विजेसारखी असते. येते, जाते, कधी कमी दाबानं असते. १८७२ च्या करार कायद्याला हे माहीत होतं. एरवी भान नसलेला माणूस भानावर असेल त्या वेळी करार करू शकतो, आणि एरवी शहाणा माणूस तापात बरळत असेल तोवर करू शकत नाही, असं त्यात उदाहरणासह दिलंय. २०१७ च्या कायद्यानं त्याहून पुढं जाऊन सांगितलं की बोलून, खुणेनं, हावभावानं कसंही सांगता आलं तरी ते सांगणंच, आणि एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला म्हणून तो असमर्थ ठरत नाही. आत्याला वार सांगता येत नव्हता. पण कोणत्या सुनेनं अंघोळ घातलेली तिला चालते हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ते ती चिमटे काढून सांगायची. बँकेचं तिला कळत नसेल, अंघोळीचं कळत होतं. मग अंघोळीबद्दल तिचंच चालायला हवं.

मला काय हवंय ते सांगतो. माणूस शहाणा असताना त्यानं लिहिलेला कागद त्याची बुद्धी गेल्यावरही जिवंत राहावा, त्यासाठी कायदा बदला. उपचार, मुक्काम, पैसा, तिन्ही त्यात यावेत. ज्यानं असा कागद केला नाही त्याच्यासाठी पालक नेमायचं काम तालुक्याच्या दिवाणी न्यायालयाकडं द्या, ठराविक कामापुरतं आणि ठराविक मुदतीचं. आणि नेमलेला असो की रीतीनं झालेला असो, वर्षातून एकदा त्यानं हिशोब द्यावा. ही कल्पना नवी नाही. राष्ट्रीय न्यास कायद्यात पालकाला नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी जमाखर्च द्यावाच लागतो. माझी एकच भर आहे. हिशोबात फक्त रुपये नकोत. कुठं झोपतो, दाराला कडी आतून की बाहेरून, मागच्या वर्षात कोण भेटायला आलं, हेही हवं, आणि ते कागदावरून न ठरवता कोणीतरी तिथं जाऊन, त्या माणसाशी पाच मिनिटं एकट्यानं बोलून लिहावं. विधी सेवा समितीचे स्वयंसेवक हे करू शकतील. आशाताईंवर टाकू नका. त्यांच्या डोक्यावर आधीच इतकी ओझी आहेत की आणखी एक फॉर्म म्हणजे पापच.

लगेच येणारा आक्षेप मला माहीत आहे. घरातली गोष्ट सरकारात नेता? उद्या भावकीतला कोणीही अर्ज ठोकेल, बिचाऱ्या सांभाळणाऱ्याला तहसीलच्या चकरा मारायला लावील. या आक्षेपात दम आहे. आमच्याकडं बांधाच्या वादात खोटी ॲट्रॉसिटी, खोटी चोरी असं काय काय ऐकायला मिळतं, आणि पालकत्वाच्या अर्जाचंही हत्यार होईल. इंग्लंडचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. त्यांनी २००५ मध्ये मानसिक क्षमतेचा कायदा केला, बुद्धी गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र आणलं, संस्थेत अडकवलेल्यांसाठी २००९ पासून स्वतंत्र परवानगीची पद्धत आणली. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेडी हेल म्हणाल्या, पिंजरा सोन्याचा असला तरी पिंजराच. वाक्य शंभर नंबरी. पण निकालानंतर परवानगीच्या अर्जांचा असा पूर आला की तपासणाऱ्या यंत्रणा त्यात बुडाल्या. नवी सुटसुटीत पद्धत २०१९ मध्ये कायद्यात घातली आणि २०२३ मध्ये तिची अंमलबजावणी पुढं ढकलली. तिथं श्रीमंत देशाची ही तऱ्हा, तर आमच्या तहसीलमध्ये काय होईल?

म्हणूनच मी परवानगी मागत नाही, नोंद मागतो. बांधायच्या आधी परवाना काढा असं त्या मावशीला सांगणं हा क्रूर विनोद झाला असता. पण तिच्या दारात महिन्याला एक माणूस, गोळ्यांची पिशवी आणि एक वही, एवढं आलं असतं तर ती तक्रार करणारी नव्हती. आक्षेप घेणाऱ्यांनी हेही बघावं की ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा आला तेव्हाही हेच बोललं गेलं होतं. आज उपविभागीय अधिकाऱ्यासमोर जाऊन, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली जमीन परत मिळवणारे आईबाप आमच्या तालुक्यात आहेत. घरं मोडली नाहीत त्यानं. काही लेक थोडे नीट वागायला लागले. त्या कायद्याची अडचण एवढीच की अर्ज म्हाताऱ्यानं करायचा किंवा त्याच्या वतीनं कोणीतरी करायचा. आण्णा करू शकत नव्हते. त्यांच्या वतीनं करणारी लेक रस्त्यावरूनच परत जात होती.

आण्णा गेल्या उन्हाळ्यात गेले. दावा चालू आहे, वारस लावायचा अर्ज झाला, पुढची तारीख पडली.

परवा मी माझा कागद केला. पाचशेच्या बाँडवर. शेवटच्या आजारात नळ्या घालू नका, हा भाग सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे, त्याला नोटरी केली. मनाचा आजार झाला तर माझी धाकटी लेक प्रतिनिधी, हा भाग २०१७ च्या कायद्याप्रमाणे. मग मधला भाग. मला गावातल्या घरी ठेवावं, पाळी लावू नये, अंघोळ गरम पाण्याची, पैशाचा हिशोब लेकीनं ठेवावा आणि दिवाळीला तो लेकाला दाखवावा, खोलीची कडी बाहेरून लागणार असेल तर शेजारच्या मास्तरांना सांगून लावावी. लेकानं वाचलं आणि विचारलं, "बाबा, या मधल्या भागाला कायद्यात किंमत काय?" मी म्हणालो, काही नाही. मग खाली सही केली, आणि साक्षीदार म्हणून त्याला आणि त्याच्या बहिणीला सह्या करायला लावल्या.